बँकॉकची तीन देवळं एका दिवसात, आणि वाटेत भेटणारे ठग

राजवाडा आणि त्याच्या आवारातलं वाट फ्रा केओ (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ), दक्षिणेला लागून असलेलं वाट फो आणि नदीपलीकडचं वाट अरुण. बँकॉकला पहिल्यांदा जाणाऱ्याच्या यादीत ही तीन देवळं असतातच, आणि ती एका दिवसात आरामात होतात. पहिल्या दोनांमध्ये चालण्याचं अंतर आहे, तिसऱ्याला पाच बाटांची नाव जाते. एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. हा दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा राजवाड्याच्या भिंतीलगतच्या फुटपाथवर, इस्त्रीचा शर्ट घालून अदबीने बोलणाऱ्या माणसांमुळे.

फसवणूक खरं तर मुंबईहून निघण्याआधीच सुरू होऊ शकते. १ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन-पत्र, म्हणजे टीडीएसी, भरावं लागतं. ते फुकट आहे. पण इंटरनेटवर शोधलं की सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळं वर येतात आणि फी मागतात. खरा पत्ता थाई इमिग्रेशनचा आहे आणि त्याच्या शेवटी ‘डॉट गो डॉट टीएच’ असतं. पैसे मागितले की ते पान बंद करा.

कपड्यांचा विचार आदल्या रात्रीच करा. राजवाड्यात हाफ पँट, बिनबाह्यांचे कपडे, फाटक्या जीन्स, पारदर्शक कापड आणि अंगाला चिकटणाऱ्या लेगिंग्ज चालत नाहीत. आपल्याकडच्या बायका इथेच अडकतात. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर ओढणी घेतली की झालं असं वाटतं, पण राजवाड्याच्या दारावर नुसती खांद्यावरची ओढणी मान्य करत नाहीत, बाह्या लागतात. लांब कुर्ता आणि सैल सलवार किंवा पलाझो उत्तम, साडीही चालते. पुरुषांनी पूर्ण लांबीची सुती पँट घालावी. अडवलंच तर समोरच्या दुकानांत हत्तीच्या नक्षीची सैल पँट मिळते, पण दार जितकं जवळ तितका भाव जास्त. चपला-बूट पटकन निघणारे असावेत, आणि पिशवीत मोज्यांचा एक जोड टाका, कारण दुपारी देवळाची फरशी तव्यासारखी तापते.

सकाळी राजवाडा

सुखुमवित भागात उतरला असाल तर मेट्रोची निळी मार्गिका सुखुमवित स्थानकावरून थेट सनम चाय स्थानकाला जाते. नदीच्या बाजूने यायचं असेल तर सफान ताकसिन स्थानकाखालच्या साथोर्न धक्क्यावरून चाओ फ्राया एक्सप्रेसची नारिंगी झेंड्याची बोट घ्या आणि ता चांग धक्क्यावर उतरा. साथोर्नला दोन-तीन माणसं गळ्यात ओळखपत्र अडकवून पुढे येतात आणि हजार-दीड हजार बाटांची खासगी लांबशेपटी नाव किंवा दिवसभराचा पर्यटक पास गळ्यात मारायला बघतात. नारिंगी बोटीचं तिकीट जेमतेम वीस बाटांच्या आतबाहेर असतं. झेंड्याचा रंग बघून रांगेत उभं राहायचं.

राजवाडा साडेआठला उघडतो आणि तिकीटविक्री दुपारी साडेतीनला थांबते. परदेशी प्रौढाचं तिकीट ५०० बाट, १२० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट नाही. सव्वाआठला दारात असाल तर पहिला तास बरा जातो. साडेनऊ-दहानंतर सहलींच्या बसगाड्या येतात आणि मग फोटोत अनोळखी डोक्यांशिवाय काही येत नाही.

आता मुख्य गोष्ट. राजवाड्याची भिंत लांबलचक आहे आणि तिला अनेक दारं आहेत. पर्यटकांचा प्रवेश उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावरच्या विसेत चाय सी दारातून. सनम चाय स्थानकावरून चालत आलात तर त्याआधी वाटेत बंद दारं लागतात. ठग नेमका तिथे उभा असतो. तो म्हणतो, ‘राजवाडा आज सकाळी बंद आहे, धार्मिक विधी आहे, एक वाजता उघडेल’, किंवा ‘आत्ता फक्त थाई लोकांना सोडतात’. समोरचं दार खरंच बंद असतं, म्हणून पटतं. शिवाय राजघराण्याच्या समारंभासाठी काही दिवस राजवाडा किंवा मुख्य देऊळ खरोखर बंद असतं, आणि थाई नागरिकांच्या प्रवेशाचे नियम वेगळे आहेत. या थापेत थोडं सत्य मिसळलेलं असतं, त्यामुळे जाणता माणूसही क्षणभर थांबतो.

उपाय साधा आहे. बंद असण्याच्या तारखा राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघा. आणि कोणी काहीही सांगितलं तरी मुख्य दारापर्यंत चालत जा. दारावर गणवेशातले पहारेकरी असतात, तेच खरं उत्तर देतील. फुटपाथवर थांबून वाद घालू नका, ‘थँक यू’ म्हणून पाय चालू ठेवा. थांबलात की दुसरा येतो आणि पहिल्याला दुजोरा देतो.

थांबलात तर पुढचा खेळ असा चालतो. तो माणूस तुमच्याकडे काहीच मागत नाही, उलट मदत करतो. नकाशा काढून ‘तोवर हे बघून या’ म्हणत तीन-चार ठिकाणांवर खुणा करतो: उभा बुद्ध, एखादा ‘भाग्यवान बुद्ध’, सुवर्ण टेकडी, आणि मधेच एखादं ‘निर्यात केंद्र’. मग तोच टुकटुक थांबवतो आणि चालकाशी थाईत बोलून सांगतो की आज सरकारी योजना आहे, सगळं फिरवायला वीस बाट. राजवाड्याजवळून टुकटुकने थोडंसं अंतर जायलाही शंभर-दीडशे बाट पडतात. दोन तास फिरवायला वीस बाट म्हटलं की उरलेले पैसे दुसरं कोणीतरी देतंय हे ओळखावं. ते दुकानदार देतात, कधी रोख, कधी पेट्रोलच्या कूपनच्या रूपात.

पहिल्या लहानशा देवळात दुसरं पात्र भेटतं. नीटनेटका थाई गृहस्थ, कधी परदेशी पर्यटकही, आणि हल्ली हिंदीत बोलणारासुद्धा. तो सहज गप्पांत सांगतो की त्याने काल नीलम घेतले, मायदेशी दुप्पट भावाने विकतो, आणि करमाफीचा आज शेवटचा दिवस आहे. तुम्ही त्याला विचारलेलंच नसतं. त्यामुळे फुटपाथवरचा माणूस, चालक आणि हा गृहस्थ एकमेकांना ओळखत नसतील असंच वाटतं. थायलंड रत्नांच्या व्यापाराचं मोठं केंद्र आहे, चंथाबुरीचा नीलम-माणकांचा बाजार प्रसिद्ध आहे, म्हणून या गोष्टीला आधारही भासतो. दुकानात मिळणारा खडा अनेकदा खराच असतो, फक्त हलक्या प्रतीचा आणि कित्येक पट भावाचा. परत विकायला गेलात तर खरेदीच्या किमतीच्या जवळपासही कोणी पोचत नाही. रत्नांऐवजी शिंप्याचं दुकान असेल तर सूट ‘चोवीस तासांत’ मिळतो आणि अंगावर कसा बसतो हे विमानतळावर कळतं.

यात सुटकेच्या जागा बऱ्याच आहेत. टुकटुकमध्ये बसला असाल तरी कुठल्याही सिग्नलला उतरता येतं, वीस बाट ठेवून चालू पडा. चालक भडकेल, पण भर रस्त्यात त्याच्याकडून फार काही होत नाही. दुकानात नेलं तर ‘दहा मिनिटं नुसतं बघा, मला कूपन मिळेल’ अशी विनवणी होते. त्यालाही नाही म्हणा, कारण त्या दहा मिनिटांवरच विक्रेत्याचा जोर असतो.

आत गेल्यावर घाई करू नका. वाट फ्रा केओमधला पाचू बुद्ध पाचूचा नाही, हिरव्या जेड दगडाचा आहे, सुमारे ६६ सेंटिमीटर उंच. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे त्याचे तीन पोशाख आहेत आणि ऋतू बदलताना ते राजाच्या हस्ते बदलले जातात. मुख्य सभागृहात फोटो काढायला बंदी आहे. बसताना पाय मूर्तीच्या दिशेने लांब करू नका, मांडी घाला किंवा पाय मागे दुमडा. मराठी माणसाने खरा वेळ द्यावा तो आवाराभोवतीच्या ओवरीला. तिथे १७८ चित्रांत रामकियन, म्हणजे थाई रामायण, रंगवलंय. उत्तरेच्या दारापासून उजवीकडून प्रदक्षिणा घालत बघत गेलं की कथा क्रमाने लागते. रावणाचं नाव इथे तोसकन. आपल्याला परिचित ब्रह्मचारी हनुमान इथे चांगलाच रंगेल आहे, हे लहान मुलांसोबत असाल तर आधीच माहीत असलेलं बरं. वरच्या चौथऱ्यावर अंगकोर वाटची दगडी प्रतिकृतीही आहे, बहुतेक लोक तिच्याकडे न बघताच निघून जातात.

उत्तरेला सनम लुआंग मैदान आहे. तिथे कबुतरांसाठी मक्याच्या दाण्यांच्या पुड्या हातात कोंबल्या जातात, आणि हात बंद झाला की पैसे मागितले जातात. हात पाठीमागे ठेवून चाला. काही देवळांबाहेर पिंजऱ्यातले पक्षी ‘पुण्यासाठी’ सोडायला विकतात, ते पुन्हा पकडून आणले जातात.

वाट फो आणि दुपार

राजवाड्यातून वाट फोला पंधरा मिनिटं चालत. तिकीट ३०० बाट. ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच शयनस्थ बुद्ध बघायला सगळे एकाच दारातून आत जातात, त्यामुळे डोक्यापाशी गर्दी साचते. ती टाळून पायांपाशी या. तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं आहेत, आणि पाठीमागच्या बाजूला १०८ कांस्यपात्रांत नाणी टाकायची पद्धत आहे. नाणी टाकताना लोकांचं लक्ष हातातल्या वाटीवर असतं आणि पाठीवरची बॅग मोकळी असते, तेव्हा ती पोटावर घ्या. मुख्य सभागृहाच्या कठड्याभोवती रामकियनच्या संगमरवरी शिल्पपट्ट्या आहेत. थाई मसाजचं जुनं विद्यालय याच आवाराशी जोडलेलं आहे. मसाज घ्यायचा तर आतच घ्या, बाहेर ‘वाट फोचाच मसाज’ म्हणत बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नका.

शाकाहारी जेवणाची सोय धक्क्याजवळ बेताचीच. सोपा मार्ग म्हणजे सनम चायवरून मेट्रोने एक स्थानक मागे, साम योत. तिथून पाहुरात ही भारतीय कापडबाजाराची पेठ चालत गाठता येते. गुरुद्वाऱ्याच्या आसपास पोळी-भाजी, डाळ-भात, चहा सगळं मिळतं. थाई ठिकाणी खायचं असेल तर पिवळ्या फलकावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं शोधा. ते पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नसतो. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, कारण नाम प्ला, म्हणजे माशाचा रस, जवळजवळ सगळ्यात पडतो. ‘माई साई नाम प्ला’, म्हणजे ‘नाम प्ला घालू नका’, एवढं पाठ करा.

उतरत्या उन्हात वाट अरुण

ता तिएन धक्क्यावरून पलीकडे जाणाऱ्या नावेचं भाडं पाच बाट. इथेही कोणीतरी शंभर बाटांची ‘खास बोट’ सुचवेल. देवळाचं तिकीट २०० बाट, सहापर्यंत उघडं. मधल्या उंच प्रांगवर, म्हणजे शिखरासारख्या मनोऱ्यावर, चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांची फुलं जडवलेली आहेत, ती जवळून बघण्यासाठीच इथे यायचं. पायऱ्या खूप उभ्या आहेत, उतरताना कठडा धरून तिरकं उतरा, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावं. थाई पोशाख भाड्याने देणारी दुकानं भरपूर आहेत. भाव ठरवताना पोशाख, दागिने, केशरचना आणि फोटोग्राफर यांचे पैसे वेगळे की एकत्र, हे आधी लिहून घ्या. सूर्यास्ताला मात्र परत ता तिएनच्या बाजूला या, कारण सूर्य या देवळाच्या मागे मावळतो.

भिक्खू रस्त्यावर कधी पैसे मागत नाहीत, धागा बांधून दक्षिणा घेत नाहीत आणि स्त्रियांना स्पर्श करत नाहीत. भगवी वस्त्रं घालून कोणी हातात माळ देऊन नोट मागत असेल तर तो भिक्खू नाही. बुद्धमूर्ती विकत घ्यायची हौस असेल तर लक्षात ठेवा, ती देशाबाहेर न्यायला ललित कला विभागाचा परवाना लागतो, दुकानदार हे सांगेलच असं नाही.

हॉटेलवर परतताना राजवाड्यासमोर उभ्या असलेल्या टॅक्सीत बसू नका. उभे असलेले चालक ठरावीक रक्कम सांगतात. चालती टॅक्सी थांबवा आणि ‘मीटर’ म्हणा. मीटर ३५ ते ४० बाटांपासून सुरू होतो. नकार आला तर दार लावा, पुढची थांबवा, किंवा ग्रॅब-बोल्टसारख्या ॲपवर गाडी मागवा. कार्ड मशीनवर ‘रुपयांत की बाटांत’ असं विचारलं तर बाट निवडा. रुपये निवडले की दर दुकानाच्या बाजूचा लागतो.

फसलातच तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, इंग्रजीत बोलता येतं. त्याच दिवशी, देश सोडण्याआधी तक्रार करा. पावती, दुकानाचं छायाचित्र, टुकटुकचा क्रमांक आणि खडा जवळ ठेवा. ‘आम्ही पोस्टाने भारतात पाठवतो’ म्हणाले तर माल मुळीच सोडू नका, कारण माल नसेल तर दाखवायला काहीच उरत नाही. कार्डाने पैसे दिले असतील तर लगेच आपल्या बँकेला फोन करून व्यवहारावर हरकत नोंदवा. पोलिसांसमोर दुकान बहुधा काही रक्कम कापून उरलेली परत करायला तयार होतं, ‘चूक ग्राहकाचीच’ असा कागदही पुढे करतं. काय लिहिलंय ते पूर्ण वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका.