जुना फाइलसिस्टीम ड्रायव्हर नव्या कर्नलवर कसा आणावा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जुन्या मशीनची डिस्क वाचायला कुणीतरी पूर्वी लिहून दिलेला लिनक्स ड्रायव्हर असेल, तर उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेल्यावर तो बहुधा कंपाइलच होणार नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.१५ वरून थेट ६.८ वर जातो आणि ‘रीडपेज नावाचा मेंबर नाही’ अशी एरर येते.

फक्त जुना डेटाच हवा असेल, तर या भानगडीत पडू नका. जुन्या कर्नलच्या मशीनवर कॉपी करून घ्या, विषय संपला. डिस्क रोज लागत असेल तरच पुढे वाचा.

पूर्वी कर्नल फाइलचा डेटा मेमरीत पेजनुसार ठेवायचा. नेहमीच्या पीसीवर एक पेज ४०९६ बाइटचं. जानेवारी २०२२ च्या ५.१६ मध्ये फोलिओ आला. त्यात एक किंवा सलग अनेक पेजेस असू शकतात. ५.१९ मध्ये रीडपेज, म्हणजे ड्रायव्हरमधलं एक पेज वाचणारं फंक्शन, काढून त्या जागी रीड_फोलिओ आलं.

आधी डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, काढा आणि सगळं काम व्हर्च्युअल मशीनमध्ये त्या कॉपीवरच करा, तेही रीड-ओन्ली माउंट करून, म्हणजे फक्त वाचता येईल असं जोडून. मग नावं बदला: पेज_ऑफसेटच्या जागी फोलिओ_पॉस, अनलॉक_पेजच्या जागी फोलिओ_अनलॉक. पेजमधला डेटा हाताळायला पत्ता देणारं केमॅप_ॲटॉमिक दिसलं की केमॅप_लोकल_फोलिओ घाला. त्याला फोलिओतला बाइट ऑफसेटही द्यावा लागतो. वाचन फसलं तरी फोलिओवरचा लॉक सोडायलाच हवा, नाहीतर ती फाइल वाचणारा प्रोग्रॅम लटकून बसतो.

इथवर कंपाइल होतं आणि बरेच जण हात झटकतात. खरी गोम पेज_साइझ, म्हणजे एका पेजचा आकार, या शब्दात आहे. तो कोडमध्ये जिथे जिथे असेल, तिथे थांबून बघा. समजा फाइल १०,००० बाइटची आणि फोलिओ १६,३८४ चा. जुना कोड पहिले ४०९६ बाइट भरून ‘झालं’ म्हणेल आणि पुढे कचरा राहील. फोलिओ_साइझपर्यंत लूप चालवा, फाइल संपल्यावरचे ६,३८४ बाइट शून्याने भरा आणि मगच अप-टु-डेटची, म्हणजे फोलिओतला डेटा वापरायला तयार असल्याची, खूण करा. हे पक्कं होईपर्यंत मोठे फोलिओ चालतील असं कर्नलला सांगणारं मॅपिंग_सेट_लार्ज_फोलिओज बोलावू नका. ते नसेल तर कर्नल तुमच्या ड्रायव्हरला एकेका पेजचेच फोलिओ देतो.

तपासणीसाठी डीबग_व्हीएम, म्हणजे मेमरीच्या जादा तपासण्यांचा पर्याय, चालू केलेला कर्नल घ्या. जुन्या आणि नव्या मशीनवर प्रत्येक फाइलचा शा२५६सम, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढून जुळवा. दर वेळी आधी ड्रॉप_कॅशेस करा, म्हणजे मेमरीत साठलेला फाइलचा डेटा (कॅश) रिकामा करा, नाहीतर कॅशमधलंच वाचून सगळं ठीक दिसेल.

लिहिण्याचा भाग शेवटी घ्या. ६.१२ पासून लिहिण्याची सुरुवात करणारं राइट_बिगिनसुद्धा फोलिओच मागतं, म्हणजे तिथे पुन्हा हात घालावा लागणारच. लिहिणं चालू असताना व्हर्च्युअल मशीन मध्येच बंद करून बघा; पावसाळ्यात खानापूरकडे लाईट काही सांगून जात नाही.