दहा वर्षांचं व्हिजन लिहिताय? या चुका टाळा

व्हिजन, म्हणजे दहा वर्षांनंतर आपलं आयुष्य कसं असावं याचं चित्र, लिहिताना आरोग्य, काम, पैसा, कुटुंब, छंद अशा कप्प्यांची शीर्षकं टाकायची, प्रत्येकाखाली चार ओळी लिहायच्या आणि वही मिटायची. दोन महिन्यांनी काहीच हललेलं नसतं. मग माणूस स्वतःलाच बोल लावतो की आपल्यात चिकाटी नाही. बहुतेक वेळा चिकाटीचा काही संबंधच नसतो, मुळात कागद चुकीचा लिहिलेला असतो.

प्रत्येक कप्पा सुटा लिहिणं

सगळ्यात जास्त व्हिजन इथेच मोडतात. प्रत्येक कप्पा लिहिताना माणूस असा लिहितो, जणू बाकीचे नाहीतच.

नेहमी दिसणारा नमुना घ्या. वय ३८, नोकरी, घरी ९ वर्षांचा मुलगा. आठवड्याचे तास १६८. त्यातले झोपेचे ५६, नोकरी आणि प्रवासाचे ५५, आंघोळ-स्वयंपाक-घरकामाचे २१. उरले ३६. आता व्हिजनमधल्या मागण्या मोजा: व्यायाम ७, मुलाबरोबर १४, जोडव्यवसाय १५, नवी भाषा ७, गाण्याचा सराव १०. बेरीज ५३. म्हणजे पहिल्याच दिवशी १७ तासांची तूट. ती झोपेतून भरून काढायला जातात, तिसऱ्या आठवड्यात थकतात आणि सगळंच सोडून देतात.

उपाय साधा आहे. प्रत्येक कप्प्यासमोर तासांचा रकाना हवाच. तूट आली की सगळीकडून थोडं थोडं कापू नका, त्याने प्रत्येक गोष्ट अर्धवट राहते. पुढच्या तीन वर्षांसाठी दोन कप्पे पुढे घ्या आणि बाकीचे टिकवण्यापुरते ठेवा. वरच्या नमुन्यात मुलगा १४, जोडव्यवसाय १०, व्यायाम ४, गाणं ३ आणि भाषा शून्य. झाले ३१. उरलेले पाच तास मोकळेच ठेवा, आजारपण आणि अडीअडचणी ते खातातच. भाषेचं शून्य लिहिताना हात अडखळतो. तरीही लिहा. ‘बघू जमेल तसं’ म्हणून ठेवलेला कप्पा रोज मनाला टोचत राहतो.

वयं न लिहिणं

दहा वर्षांनंतरचं चित्र काढताना घरातली माणसं मात्र आजच्याच वयाची राहतात. ‘मुलाला रोज गोष्ट वाचून दाखवीन’ हे दहा वर्षांच्या व्हिजनमध्ये लिहिलेलं असतं. तोवर मुलगा १९ वर्षांचा झालेला असेल, कदाचित दुसऱ्या गावी शिकत असेल. गोष्टीची वेळ आत्ता आहे, दहा वर्षांनी नाही. उलट आज ६८ वर्षांचे वडील तेव्हा ७८ चे असतील आणि त्यांच्यासाठी कागदावर एकही तास नसतो.

म्हणून कप्प्यांच्याही आधी एक तक्ता करा: घरातली नावं, आजचं वय, पाच वर्षांनंतरचं, दहा वर्षांनंतरचं. दहा मिनिटांचं काम आहे. तो समोर ठेवूनच पुढचं लिहा. अर्ध्या ओळी आपोआप बदलतात.

विशेषणांत लिहिणं

‘निरोगी’, ‘समाधानी’, ‘आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र’. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. त्याऐवजी दहा वर्षांनंतरचा एक साधा मंगळवार लिहा: किती वाजता उठता, कुठे जाता, जेवायला समोर कोण बसलंय. ‘निरोगी’ऐवजी ‘तीन मजले न थांबता चढतो’. सुट्टीचा दिवस लिहू नका, सुट्टीत सगळ्यांचंच आयुष्य छान असतं.

आजच्या आवडी कायमच्या धरणं

२०१३ साली जोर्डी क्वॉयडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून जास्त लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, असं लोक सांगत होते. ज्यांना पुढच्या दहा वर्षांचा अंदाज विचारला, ते मात्र आपण फारसे बदलणार नाही असं म्हणत होते. म्हणून दहा वर्षांचं चित्र ढोबळ ठेवा, एका वर्षाचं नेमकं आणि तीन महिन्यांचं तारखांसकट. पेन्सिलीने लिहा.

थोडक्यात काही

एका बैठकीत संपवू नका. तीन बैठका घ्या, मध्ये आठवडाभर जाऊ द्या.

दुसऱ्याचा तयार तक्ता भरू नका, त्यात तुम्हाला नको असलेले कप्पेही भरावे लागतात.

जोडीदाराचा कागद वेगळा असू द्या, पण तासांचे रकाने शेजारी ठेवून एकदा तपासा. दोघांनी संध्याकाळचे तेच दोन तास धरलेले असतात.

दर आठवड्याला व्हिजन बदलू नका. वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला. मधल्या काळात फक्त तीन महिन्यांचा कागद.

लिहिलं, तरी अडलं तर

कागद उघडावासाच वाटत नसेल, तर त्यातल्या कुठल्या ओळी दुसऱ्या कुणाला बरं वाटावं म्हणून लिहिल्यात ते शोधा आणि खोडा.

उघडता, वाचता, पण काहीच होत नाही? मग पुढे घेतलेल्या प्रत्येक कप्प्याखाली या आठवड्यात अर्ध्या तासात उरकेल असं एकच काम लिहा, वार आणि वेळ घालून. ‘व्यवसायाची माहिती काढणे’ असं नको. ‘गुरुवारी रात्री साडेआठला पहिल्या तीन संभाव्य ग्राहकांची नावं लिहिणे’ असं हवं. गुरुवार हुकला, तर शुक्रवारी तेच काम, नवं नाही.