नाणं उचललं, पुढे काय?

पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत गेम प्रोग्रामर म्हणून लागलो तेव्हा पहिलं काम मिळालं ते नाण्यांचं. खेळाडू नाण्याला शिवला की नाणं गायब व्हायचं आणि आकडा एकने वाढायचा. अर्ध्या दिवसात संपवलं. संध्याकाळी टेस्टरने बोलावून दाखवलं, एक नाणं उचललं की कधीकधी दोन मोजली जात होती.

कारण सापडायला दोन दिवस गेले. आमच्या पात्राला दोन कोलायडर, म्हणजे स्पर्श ओळखणारे अदृश्य आकार, होते, एक अंगाचा आणि एक पायांचा. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कोलायडरच्या स्पर्शाची वर्दी वेगळी येते. शिवाय वस्तू नष्ट करायला सांगितली तरी ती त्या क्षणी जात नाही, थोडी नंतर जाते. तेवढ्यात दुसरी वर्दी येऊन पोचलेली असते. उपाय साधा निघाला. नाण्यावर ‘घेतलं’ अशी खूण आधी करायची, मग आकडा वाढवायचा, आणि खूण असेल तर पुढे जायचंच नाही. हा क्रम तेव्हापासून मी कधी मोडलेला नाही.

नवीन मुलं बहुतेक स्पर्शापाशीच थांबतात, कारण ट्युटोरियलही तिथेच संपतात. खेळ बंद करून पुन्हा उघडल्यावर काय दिसतं, हे बघायचं राहून जातं. मी सेव्ह फाइलमध्ये घेतलेल्या नाण्यांचे लेव्हलमधले अनुक्रमांक लिहीत होतो. लेव्हल डिझायनरने मध्येच एक नाणं वाढवलं आणि पुढचे सगळे क्रमांक सरकले. घेतलेलं नाणं परत दिसायला लागलं, न घेतलेलं नाहीसं झालं. आता प्रत्येक वस्तूला ती लेव्हलमध्ये ठेवतानाच कायमचा आयडी देतो.

इन्व्हेंटरी, म्हणजे खेळाडूची वस्तू ठेवायची पिशवी, शिकायची असेल तर माइनक्राफ्ट हा गेम हातात वही घेऊन खेळा. इन्व्हेंटरीत 36 जागा, त्यातल्या 9 कायम डोळ्यासमोर. दगडमाती एका जागेत 64 पर्यंत मावते, एंडर पर्ल नावाचे मोती 16, तलवार एकच. म्हणजे कोणती वस्तू किती साठवू द्यायची, हा निर्णय प्रत्येक वस्तूगणिक वेगळा घेतलेला आहे. जागा थोडीच असेल तर मावेल तेवढंच येतं, उरलेलं जमिनीवर राहतं. पडलेली वस्तू तुम्ही आसपास असाल तर 5 मिनिटांनी नाहीशी होते, म्हणजे जगात कचरा साठत नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र बारीक आहे. तुम्ही स्वतः टाकलेली वस्तू साधारण 2 सेकंद उचलता येत नाही. हा विलंब नसता तर पायाशी टाकलेली वस्तू लगेच परत तुमच्याकडेच आली असती.

संख्या ठरवण्याबद्दल ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (2017) हा गेम बघा. त्यात जगभर लपवलेल्या 900 कोरोक बिया आहेत; त्या देऊन पिशवीतल्या जागा वाढवता येतात. पण शस्त्रं, धनुष्यं आणि ढाली ठेवायच्या जागा पूर्ण वाढवायला 441 पुरतात. तुम्ही कुठल्याही दिशेला गेलात तरी वाटेत काहीतरी सापडावं, यासाठी इतक्या बिया पेरल्या आहेत. सगळ्या वेचायची सक्ती नाही. माझ्या मते गोळा करण्याचा आनंद टिकवण्याचा हा फार प्रामाणिक मार्ग आहे.

पोर्टफोलिओसाठी मोठा गेम नको. एक खोली, तीन प्रकारच्या वस्तू, आठ जागांची पिशवी एवढं पुरे. मुलाखतीत मी उमेदवाराचा गेम उघडतो, थोड्या वस्तू उचलतो, सेव्ह करून बंद करतो, परत उघडतो. मग पिशवी भरली तरी उचलतच राहतो.