लीड्सचे पाहुणे येण्याआधी जिभेवर बसवायची वाक्यं

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमचे व्याही आणि विहीणबाई इंग्लंडातल्या लीड्सहून चार दिवसांसाठी नाशिकला आले होते. महिनाभर आधीपासून घरात धावपळ सुरू होती. उशांना नवे अभ्रे झाले, गीझर दुरुस्त झाला, पाण्याच्या बाटल्यांचा खोका आला. बोलण्याची तयारी मात्र कुणीच केली नाही, कारण इंग्रजी येतंच की आपल्याला. येतं, खरंय. माझी एकतीस वर्षं बँकेत गेली, ढीगभर पत्रं इंग्रजीतच लिहिली. पण ‘विथ रेफरन्स टू युअर लेटर’ म्हणून कुणापुढे पोह्यांची बशी सरकवता येत नाही. येत्या जानेवारीत नणंदेच्या मुलाचं लग्न आहे. ते दोघं पुन्हा येतायत आणि या खेपेला उतरणार आहेत तिच्याकडे. तिने फोन करून विचारलं, ‘वहिनी, काय काय करून ठेवू?’ स्वयंपाकाचं तिला मी काय सांगणार! बोलण्याचं तेवढं सांगते. तुमच्याकडेही कुणी यायचं असेल तर ऐकून ठेवा.

सुरुवात दारातच होते. शाळेत घोकलेलं ‘हाऊ डू यू डू’ सोडून द्या, आता फारसं कुणी म्हणत नाही. पहिल्या भेटीत ‘नाइस टू मीट यू’, ओळख असेल तर ‘लव्हली टू सी यू अगेन’. समोरून ‘यू ऑल राइट?’ असं येईल. पहिल्या सकाळी ते ऐकून मी आरशात जाऊन आले, म्हटलं आजारी दिसतेय की काय. ती तब्येतीची चौकशी नव्हे, नुसता रामराम. ‘यस, थँक्स, अँड यू?’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं, गुडघेदुखी तिथे काढायची नाही. दुसरं म्हणजे, यॉर्कशरमध्ये, म्हणजे त्यांच्या लीड्सच्या भागात, दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला ‘लव्ह’ म्हणतो. व्याह्यांनी चहाचा कप घेताना ‘थँक यू, लव्ह’ म्हटलं तर ते आपल्या ‘ताई’सारखं समजा. आमच्या सासूबाई दोन दिवस त्यांच्याकडे बारीक डोळे करून बघत होत्या.

ओळख करून देताना ‘मायसेल्फ अमुक’ नको. कॉलेज रोडच्या एका क्लासात भाचीला हेच शिकवलं, वर फीही भरपूर घेतली. ‘आय ॲम’ पुरतं. ‘गुड नेम’ हे आपल्या शुभनामाचं भाषांतर, तिकडे कुणाला कळत नाही. खरी पंचाईत नात्यांची. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी, सगळ्या ‘सिस्टर-इन-लॉ’! लग्नघरात एका दमात पाच सिस्टर-इन-लॉ पुढे केल्या तर पाहुणे बिचारे नुसते हसत राहतात. म्हणून फोड करून सांगा: ‘शी इज माय हजबंड्स सिस्टर’, ‘शी इज मॅरीड टू माय हजबंड्स ब्रदर’. विहिणीला तर इंग्रजीत शब्दच नाही, त्यामुळे ‘अवर डॉटर्स मदर-इन-लॉ’ असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. चुलत, मावस, आते, मामे सगळे नुसते ‘कझिन’, पुढे ब्रदर-सिस्टर जोडू नका. आणि स्वतःसाठी सरळ ‘एव्हरीवन कॉल्स मी काकू’ म्हणून टाका. विहीणबाई दुसऱ्या दिवसापासून ‘खाखू’ म्हणायला लागल्या, मला ते गोडच वाटलं.

वय, पगार, पेन्शन, घराची किंमत हे विषय बंद. गप्प बसायची वेळ आली की हवामानाचा विषय काढायचा, त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. ‘इट गेट्स क्वाइट चिली हिअर इन द मॉर्निंग’ म्हणा. निफाडला पारा 5 अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपल्याकडे जानेवारीत असतातच, त्याही सांगा. आपण कानटोपीत आणि ते अर्ध्या बाह्यांत, त्यामुळे हसतील, पण गाडी सुरू होते.

आता जेवण. इथे नीट लक्ष दे गं, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. आपल्याकडे पहिलं ‘नको’ रीत म्हणून, दुसरं संकोचाचं आणि तिसरं झालं तर खरं. त्यांच्याकडे पहिलंच खरं. ‘आय ॲम फाइन, थँक यू’ म्हणजे बास, पोट भरलं. मला वाटलं, मजेत आहे म्हणतेय, तर वाढूया. तिसरी पुरणपोळी, वर तुपाची धार. पानात पडलेलं टाकायचं नाही हे वळण त्यांच्याकडेही कडक, त्यामुळे बाईंनी ती निमूटपणे संपवली. रात्री लेकीचा फोन आला, ‘आई, घरात इनो आहे का?’ तर वाक्य असं: ‘वुड यू लाइक सम मोअर?’ एकदाच. मग भांडं टेबलावर मधोमध ठेवून ‘प्लीज हेल्प युअरसेल्फ’ आणि हात मागे. ‘टेक, टेक’ नाही, ‘डोन्ट फील शाय’ तर नाहीच.

तिखटाला ‘हॉट’ म्हणायचं नाही. मिसळीच्या टेबलावर यांनी विचारलं, ‘इज इट टू हॉट?’ व्याह्यांनी वाटीला बोट लावून पाहिलं, ‘नो नो, परफेक्ट’ म्हणाले आणि काळ्या मसाल्याच्या रश्शाचा चमचा भरून तोंडात घातला. पुढची दहा मिनिटं ते दही आणि पाव यांवरच होते. ‘स्पायसी’ हा शब्द वापरा, आणि मागवतानाच ‘वुड यू लाइक द ग्रेव्ही ऑन द साइड?’ विचारून घ्या. दह्याला कर्ड नको, ‘यॉगर्ट’. वांगं ‘ऑबर्जिन’, भेंडी ‘ओक्रा’. बाहेर जेवायला नेताना ‘हॉटेल’ म्हणू नका, त्यांना वाटतं सामान हलवायचंय. ‘रेस्टॉरंट’ म्हणा. ‘नॉट बॅड ॲट ऑल’ ऐकू आलं तर ती भरघोस स्तुती. ‘इंटरेस्टिंग’ म्हणाले तर तो पदार्थ पुन्हा करू नका.

आणि ‘टी’! त्यांच्या भागात बरेच जण संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात. ‘व्हॉट टाइम इज टी?’ असं विचारल्यावर मी पाचला आल्याचा चहा आणि खारी पुढे ठेवली. ते खाऊन दोघं शांतपणे जेवणाची वाट बघत बसले, आणि आमच्याकडे पानं वाढली जातात साडेनऊला. म्हणून सकाळीच सांगून ठेवा: ‘वी युजुअली हॅव डिनर ॲट अबाउट एट’. आणि खरंच आठला वाढा.

वेळ सांगताना मात्र आपण राजे. ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच, ‘क्वार्टर पास्ट’ म्हणजे सव्वा, ‘क्वार्टर टू’ म्हणजे पावणे. मनात मराठी ठेवली की चूक होत नाही.

काही मागताना ‘गिव्ह मी’ कानाला धसमुसळं लागतं. आपण ‘पाणी देता का?’ म्हणतो ना, तसंच ‘कुड यू’ने सुरू करा. त्यांची बॅग ओढून घेण्याआधी ‘शॅल आय टेक दॅट?’ विचारा. प्लीज आणि थँक यू लागतील तितके, घरच्यांनाही. कळलं नाही तर मान डोलवू नका, आपली ती डोलवलेली मान त्यांना हो की नाही हेच समजत नाही. ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट’ किंवा ‘कुड यू से दॅट अ बिट मोअर स्लोली?’ या दोन वाक्यांवर माझे निम्मे दिवस निघाले.

फिरायला न्याल, त्याचीही जुजबी वाक्यं हवीत. पांडवलेण्यांवर: ‘दीज आर बुद्धिस्ट केव्ह्ज, अबाउट टू थाउजंड इयर्स ओल्ड’. नावामुळे पांडवांची गोष्ट सुरू करू नका, त्यांचा तिथे संबंध नाही. रामकुंडावर: ‘द रिव्हर रायझेस निअर त्र्यंबकेश्वर’. नदी उगम पावते याला ‘रायझेस’ म्हणतात, ‘स्टार्ट्स’ म्हटलं तरी चालेल. सिंहस्थाबद्दल विचारतीलच, तेव्हा ‘वन्स एव्हरी ट्वेल्व्ह इयर्स’.

दिंडोरीला भावाच्या बागेत नेणार असाल तर ओठांची थोडी कसरत करा. आपल्या ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन आवाज बसतात. द्राक्षवेलीच्या ‘वाइन’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, प्यायच्या ‘वाइन’ला शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू. भाऊ अभिमानाने म्हणाला, ‘आय हॅव फाइव्ह एकर्स ऑफ वाइन’, तेव्हा व्याह्यांचा चेहरा असा उजळला की त्यांना थॉम्पसनचे, म्हणजे नुसत्या खायच्या द्राक्षांचे, घड दाखवताना आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. बागेला ‘वाइनयार्ड’ही नाही, ‘विन्यर्ड’.

शेवटी निरोप. आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. शेवटच्या रात्री त्यांची मुंबईला जायची गाडी पहाटेची होती म्हणून ते नाशिक रोडच्या एका लॉजवर राहिले. आम्ही सोडायला गेलो. लिफ्टपाशी मिठ्या झाल्या, डोळ्यांत पाणी आलं आणि मी म्हटलं, ‘ओके, आय ॲम कमिंग!’ आणि निघाले. रिक्षात बसताना मागे वळून पाहिलं तर विहीणबाई एका हाताने लिफ्टचं दार धरून माझी वाट बघत उभ्या. ‘वी शुड गेट गोइंग’ म्हणायचं, मग ‘इट वॉज लव्हली हॅविंग यू’. ‘येते’ मनातल्या मनात म्हणा.