आधी हप्त्याचा कागद, मग कर्ज

बचत गटांच्या वह्या तपासायला लागून मला अकरा वर्षं झाली. कर्जाचा अर्ज समोर आला की रक्कम मी नंतर विचारते. आधी विचारते, "पहिला हप्ता कुठून भरणार?"

हे मला एका शिलाई मशीनने शिकवलं. गटातल्या एका ताईंच्या कर्जासाठी मीच आग्रह धरला होता. हप्ते दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाले आणि कामं यायला तीन महिने लागले. तोवर त्यांनी हप्त्यांसाठी सावकाराकडून उचल घेतली. शेवटी मशीन विकलं, तरी ती फिटली नाही. शिवण त्यांना उत्तम येत होतं. गिऱ्हाईक आहे का, हे मी विचारलंच नव्हतं.

१९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी (पुढे गरिबांना छोटी कर्जं देणारी तिथली ग्रामीण बँक त्यांनीच काढली) ४२ जणांना मिळून ८५६ टका, म्हणजे तिथल्या चलनातली ही छोटी रक्कम, कर्जाने दिली, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. तिथे बांबूची स्टुलं विणणाऱ्या बायकांना कसब होतं, मालाला मागणीही होती. पण बांबूसाठी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि तयार माल तो म्हणेल त्या भावाने त्यालाच द्यायचा, या फेऱ्यात त्या अडकल्या होत्या. अडलं होतं ते फक्त भांडवलापाशी. म्हणूनच इतक्या थोड्या पैशांनी फरक पडला. तुमच्याकडे अर्ज येईल तेव्हा हेच तपासा: काम आधीपासून चालू आहे का आणि अडलंय ते पैशामुळेच का?

मग अर्जदाराला शेजारी बसवून कागद करा. बारा आठवड्यांच्या बारा ओळी. प्रत्येक ओळीत विक्री किती, मालाला किती, घरखर्चाला किती आणि उरलं किती. सगळ्यात वाईट आठवड्यात जे उरेल, त्याच्या निम्म्याहून मोठा हप्ता मी मंजूर होऊ देत नाही. आजारपणाचा एक आठवडा त्यात धराच. शेती किंवा जनावरांसाठी कर्ज असेल तर आठवड्याचा हप्ता लावू नका, पैसा हातात येईल तेव्हाची तारीख घाला.

व्याज सरळ (मुदतभर मूळ रकमेवर) आहे की घटत्या शिलकीवर (फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर), हे लेखी घ्या. १०,००० चं कर्ज, एक वर्ष, १२ टक्के, हप्ता दरमहा. सरळ व्याज १,२०० होतं, घटत्या शिलकीवर साधारण ६६२. दर तोच सांगितला जातो आणि भरणाऱ्याला जवळजवळ दुप्पट पडतं. हा हिशेब सगळ्यांसमोर मोठ्याने करून दाखवा.

आधीचं कर्ज फेडायला कुणी नवं मागत असेल, तर थांबा आणि जुन्या कर्जाची मुदत वाढवून द्या. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात एकेका घरावर अनेक संस्थांची कर्जं चढली, वसुलीचा जाच झाला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. दारात बसून वसुली करणारा गट मला गट वाटतच नाही.

ज्या घरात कमाईच नाही, तिथे कर्ज देऊच नका. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ पासून अशा घरांना आधी जनावरासारखं उत्पन्नाचं साधन, काही काळ थोडा भत्ता आणि शिकवण दिली. माझ्या मते हाच क्रम बरोबर आहे.

काही अडचणी मात्र कुणा एकीच्या कर्जाने सुटत नाहीत. दहाजणी एकच कच्चा माल महाग घेत असतील, किंवा सगळ्यांचा माल एकच दलाल पाडून घेत असेल, तर तिथे सामाजिक व्यवसाय उभा करा. युनूस यांनी मांडलेला नियम सोपा आहे: गुंतवणारा आपलं मुद्दल परत घेतो, नफ्यातला वाटा घेत नाही, नफा व्यवसायातच राहतो. त्यांच्या ग्रामीण बँकेच्या समूहाने २००६ मध्ये दानोन या फ्रेंच खाद्य कंपनीबरोबर पोषक दह्याचा उद्योग याच तत्त्वावर सुरू केला. पण खर्च विक्रीतूनच निघायला हवा. देणगीवर चाललेलं काम देणगी थांबली की बंद पडतं आणि त्यावर विसंबलेल्या बायका पुन्हा त्याच दलालाकडे जातात.

अशा व्यवसायाची पहिली खरेदी एकाच वस्तूची करा. आणि व्यवसायाची वही, खातं, रोख पेटी गटाच्या बचतीपासून पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. "चार दिवसांसाठी बचतीतून घेऊ" असं कुणी म्हणालं, तर त्याच बैठकीत नाही म्हणा आणि ते इतिवृत्तात लिहा.