टीव्ही घेताना आणि लावताना या चुका टाळा: शोरूममधलं चित्र आणि घरातलं चित्र

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा, भिंतभर टीव्ही एकदम चालू असतात. सगळ्यांवर तीच चित्रफीत: पोपटाचे पंख, कापलेली फळं, निळाशार समुद्र. वर लख्ख दिवे आणि प्रत्येक संच ‘व्हिव्हिड’ मोडवर ताणलेला. अशा ठिकाणी जो सगळ्यात भडक, तोच डोळ्यांत भरतो. तोच घरी आणला की चेहरे भाजल्यासारखे लाल दिसतात, अंधाराचे प्रसंग राखाडी होतात आणि मॅच बघताना मैदानावर मळकट पट्टे दिसायला लागतात. टीव्हीची तुलना करायची तर आपल्या घरात जेवढा उजेड असतो तो धरून, आपण बसतो त्या जागेवरून आणि आपण रोज जे बघतो त्यावर करायला हवी. पुढच्या बहुतेक चुका तसं न केल्यामुळे होतात.

नावावरून दर्जा ठरवणं

‘एलईडी टीव्ही’ म्हणून जो विकला जातो, तो एलसीडीच असतो. पुढे द्रवस्फटिकांचा पडदा आणि मागे एलईडी दिवे. पडदा स्वतः उजळत नाही, मागचा उजेड अडवतो किंवा सोडतो. क्यूएलईडीचीही रचना मुळात हीच. फरक एवढाच की मागचे दिवे निळे असतात आणि त्यांच्यापुढे क्वांटम डॉटची पातळ फिल्म असते. या अतिसूक्ष्म कणांच्या आकारावर रंग ठरतो: मोठे कण लाल उजेड देतात, लहान कण हिरवा. याच कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. त्यांच्यामुळे रंग खरोखर शुद्ध येतात. पण काळा रंग सुधारत नाही, कारण मागचे दिवे चालूच असतात. तेव्हा ‘क्यूएलईडी घ्या, ओएलईडीच्या तोडीस तोड आहे’ असं कोणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका.

ओएलईडीला मागचा दिवाच नसतो. फोर-के (३८४०×२१६० बिंदूंच्या) पडद्यावरच्या सुमारे ८३ लाख बिंदूंपैकी प्रत्येक बिंदू आपला आपण उजळतो आणि विझतो. मिनी एलईडी हा एलसीडीचाच सुधारलेला प्रकार आहे. त्यात मागचे दिवे बारीक केलेले असतात आणि त्यांचे गट वेगवेगळे मंद होऊ शकतात. या गटांना झोन म्हणतात आणि असं गटागटानं मंद होण्याला लोकल डिमिंग. दुकानात ‘लोकल डिमिंग आहे का, झोन किती?’ एवढं विचाराच. खोक्यावर मिनी एलईडी लिहिलेलं आहे, पण झोनचा आकडा कुणालाच सांगता येत नाही, अशा संचासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

काळा रंग न तपासणं

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव डोळ्यांसमोर आणा. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत येतात. आधी चरणांवर, मग छातीपर्यंत आणि शेवटी मुखावर. भोवती दाट अंधार आणि मधोमध सोनेरी उजेड. टीव्हीची परीक्षा घ्यायला याहून कठीण चित्र मला सुचत नाही.

साध्या एलईडी संचावर हेच चित्रण लावलं तर गाभारा काळा न दिसता राखाडी दिसतो, कारण मागचा उजेड पडद्याच्या बिंदूंमधून झिरपतो. किती झिरपतो, हे पॅनलच्या, म्हणजे पडद्याच्या, जातीवर आहे. आयपीएस आणि व्हीए या एलसीडी पॅनलच्या दोन जाती. आयपीएस पॅनलचा कंट्रास्ट (सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागाचं प्रमाण) साधारण १०००:१ असतो, व्हीए पॅनलचा ३०००:१ ते ५०००:१ पर्यंत जातो. खोलीतला दिवा मालवल्यावर हा फरक कोणालाही दिसेल. मिनी एलईडीवर गाभारा काळा होतो, पण झोन कमी असतील तर उजळ मूर्तीभोवती धुरकट वलय दिसतं. त्याला ब्लूमिंग म्हणतात. ओएलईडीवर अंधार अंधारच राहतो आणि किरणांची कड स्वच्छ दिसते.

म्हणून दुकानात गेल्यावर आपल्या मोबाइलवरून किंवा पेन ड्राइव्हवरून असं एखादं चित्रण लावायला सांगा. रात्रीच्या रंकाळ्याच्या काठावरचे दिवे आणि त्यांचं काळ्या पाण्यातलं प्रतिबिंबही चालेल. आधी पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणायला लावा. दुकानदार दोन मिनिटं कुरकुर करेल, करू द्या. पैसे आपले जाणार आहेत.

खोली न बघता पॅनल निवडणं

जुन्या घरात टीव्ही बाहेरच्या सोप्यात असतो आणि सोप्याचं दार दिवसभर रस्त्याकडे उघडं असतं. तिथं दुपारी ओएलईडीचा गडद काळा कोणालाच दिसणार नाही, त्यावर दाराची चौकट मात्र दिसेल. क्यूडी-ओएलईडी (क्वांटम डॉट वापरणारा ओएलईडी) प्रकारात तर समोरून उजेड पडला की काळा भाग किंचित राखाडी-जांभळट होतो. अशा खोलीला जास्त उजळणारा मिनी एलईडी किंवा चांगला क्यूएलईडी बरा. मुख्य म्हणजे टीव्ही दारासमोरच्या भिंतीवर न लावता बाजूच्या भिंतीवर लावा. त्याला पैसे पडत नाहीत आणि फरक मोठा पडतो.

दुसरी गोष्ट उंचीची. देवादिकांच्या तसबिरींच्या रांगेत, दाराच्या वर टीव्ही टांगायची पद्धत सर्रास आहे. व्हीए पॅनल खालून किंवा बाजूनं पाहिलं की रंग फिके पडतात, आणि मानही अवघडते. खुर्चीत बसल्यावर डोळे जिथं येतात, तिथं पडद्याचा मध्य आला पाहिजे.

आकाराचंही थोडं गणित आहे. ४३ इंची फुल एचडी (फोर-केच्या पाव हिश्श्याएवढे बिंदू असलेल्या) पडद्यावरचे सुटे बिंदू साधारण साडेपाच फुटांपलीकडून चांगल्या डोळ्यालाही ओळखू येत नाहीत. दहा फुटांवर बसणार असाल तर ४३ इंचावर फोर-के असलं काय, नसलं काय, डोळ्याला फारसा फरक कळत नाही. तिथं तेच पैसे मोठ्या आकारात किंवा चांगल्या बॅकलाइटमध्ये (मागच्या दिव्यांमध्ये) घाला.

फुटबॉल न लावता टीव्ही घेणं

हे खास कोल्हापूरकरांसाठी. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांसाठी घसा बसेपर्यंत ओरडणारं हे गाव वर्ल्ड कप आला की तालमीतालमीत टीव्हीपुढे बसतं. फुटबॉलइतके टीव्हीचे दोष दुसरं काही उघडं पाडत नाही. अख्ख्या पडद्यावर एकसारखा हिरवा रंग असतो आणि कॅमेरा सतत आडवा फिरतो. पॅनल किंवा बॅकलाइट एकसारखा नसेल तर मैदानावर मळकट ढग आणि उभे पट्टे एका जागी ठाण मांडून बसलेले दिसतात. चित्र सरकतं, पण ते सरकत नाहीत. हा दोष एकाच मॉडेलच्या दोन संचांत कमीजास्त असतो. म्हणून घरी संच जोडून द्यायला माणूस येईल तेव्हा त्याच्यासमोरच पूर्ण राखाडी रंगाचं एक चित्र पडदाभर लावून बघा. पट्टे ठळक असतील तर बदलीची मागणी त्याच वेळी करा.

बॉल पळताना शेपटी दिसते, ती पॅनलच्या वेगाची गोष्ट. ‘मोशन रेट २४०’ अशा आकड्यांवर जाऊ नका. पॅनलचा खरा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) ६० आहे की १२०, तेवढंच विचारा. तालमीत वीसजण अर्धवर्तुळात बसणार असतील तर व्हीए नको. कडेला बसलेल्यांना धुरकट चित्र मिळतं. तिथं आयपीएस घ्या, परवडत असेल तर ओएलईडी.

चित्र आडवं सरकताना अडखळतं, अशी तक्रारही नेहमीची आहे. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण सेकंदाला ५० चित्रांच्या हिशेबानं येतं आणि सेट-टॉप बॉक्स कधीकधी ६० वर लावलेला असतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय ५० किंवा १०८०पी ५० निवडलं की बऱ्याच घरांत हा त्रास तिथल्या तिथं थांबतो.

उलट सिनेमा बघताना सगळं मालिकेच्या शूटिंगसारखं गुळगुळीत दिसत असेल, तर टीव्ही स्वतः मधल्या फ्रेम बनवून घालतोय. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि तो तसाच बघावा. एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’ अशा नावानं हे सेटिंग सापडेल. मॅचसाठी थोडं ठेवा, सिनेमासाठी बंद करा. १९२९ साली याच गावात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. सावली कुठं पडावी, यावर इथल्या माणसांनी जीव ओतलाय. सिनेमा त्यातल्या सावल्यांसकट बघायला मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

एचडीआरचा शिक्का आणि काळोखं चित्र

‘नवीन वेबसिरीज लावली की चित्र काळं पडतं’ ही तक्रार स्वस्त फोर-के संचांबद्दल हमखास येते. एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र. ते बहुधा १००० निट्सपर्यंतच्या (निट हे उजळपणाचं माप) उजेडाचा हिशेब धरून केलेलं असतं. संचाची ताकद ३०० निट्सच्या आसपास आणि लोकल डिमिंग नाही, असं असेल तर तो एचडीआरचा सिग्नल घेतो, पण दाखवू शकत नाही. आधी ‘एनर्जी सेव्हिंग’ आणि उजेडाचा सेन्सर बंद करून बघा. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकाराला उजळ आणि गडद असे दोन मोड असतील तर दिवसा उजळ ठेवा. तरीही समाधान नसेल तर तो संचाचाच तोकडेपणा आहे, सेटिंगनं जाणार नाही. आणि एक लक्षात असू द्या: सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, एचडीआर१०प्लस हा दुसरा प्रकार असतो.

पडदा नवा, तार जुनी

नवा फोर-के टीव्ही आणि त्याला बॉक्स जोडलाय पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारेनं, हे अजूनही घरोघरी दिसतं. त्या तारेतून फुल एचडीसुद्धा येत नाही. एचडीएमआय केबल लावा, बॉक्सचं आउटपुट १०८० आणि आकार १६:९ करा. एसडी (एचडी नसलेलं साधं) चॅनल तरीही मऊच दिसणार, कारण ते मुळात ७२०×५७६ चं असतं. गेमिंग कन्सोल जोडला असेल तर टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय पोर्टचा वाढीव सिग्नल चालू करावा लागतो. फार स्वस्त स्मार्ट टीव्हीत ओटीटी अ‍ॅपना लागणारं प्रमाणपत्र नसतं. मग पॅनल फोर-के असूनही अ‍ॅप एचडीसुद्धा देत नाही.

ओएलईडी आणि भिंतीवरचं बटण

झोपताना बोर्डावरचं बटण बंद करायची आपली सवय चांगली आहे, पण ओएलईडीला ती घातक ठरते. साधारण चार तासांच्या वापरानंतर, रिमोटनं बंद केल्यावर, हा टीव्ही पॅनल समतोल करण्याचं काम गुपचूप करतो. मेन स्विचच बंद केला तर ते राहून जातं आणि चॅनलच्या लोगोचा डाग बसण्याचा धोका वाढतो. रिमोटनं बंद करा, थोड्या वेळानं हवं तर बटण बंद करा. घरात दिवसभर बातम्यांचं चॅनल खालच्या लाल पट्टीसह चालत असेल तर मात्र ओएलईडी घेऊच नका. असा डाग वॉरंटीत बसतो का, हे बिल करण्याआधी लेखी विचारून घ्या.

बिघाड आला तर

आवाज येतो, चित्र नाही: खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारा. पुसट चित्र दिसलं तर पॅनल चांगलं आहे, बॅकलाइट गेलाय, आणि तो दुरुस्त होतो. ‘पॅनल गेलं’ असं ऐकून लगेच संच भंगारात काढू नका. चित्र हळूहळू निळं-जांभळं होत चाललं असेल तर मागच्या एलईडी पट्ट्या थकल्यात. बॅकलाइट कायम शंभरावर ठेवला की त्या लवकर थकतात. उभ्या रेघा आल्या तर मात्र खर्च बहुधा न परवडणारा असतो.

पावसाळ्यात चित्राचे चौकोन पडले की टीव्हीला दोष देण्याआधी पेन ड्राइव्हवरचं काहीतरी लावून बघा. ते नीट दिसलं तर कारण छतावर आहे: एकतर ढगांनी डिशचा सिग्नल दबलाय, नाहीतर तारेच्या टोकाला पाणी शिरून गंज धरलाय.

एप्रिल-मे महिन्यात वळीव कडकडायला लागला की विजेचा प्लग काढणं पुरत नाही. डिशची तारही बॉक्सपासून सोडवा, कारण विजेचा झटका तिच्यातून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत शिरतो. पडदा पुसताना काच पुसायचा स्प्रे वापरू नका. बहुतेक एलसीडी संचांवर पुढे काच नसतेच, नाजूक थर असतो. मऊ मायक्रोफायबर कोरडंच फिरवा. डाग चिवट असेल तर कापड साध्या पाण्यानं किंचित ओलं करा, पाणी थेट पडद्यावर मारू नका.