परदेशी ब्रँडचं कोलॅब: आकडा सगळ्यात शेवटी बघा

कोलॅबसाठी, म्हणजे पैसे घेऊन त्यांच्या वस्तूचा व्हिडिओ करण्यासाठी, परदेशी ब्रँडचा मेल आला की आपली क्रिएटर मंडळी आधी डॉलरचा आकडा शोधतात आणि लगेच मोबाइलवर त्याचे रुपये करून बघतात. मी पुण्यात काही मराठी क्रिएटरांचे करार आणि बिलं बघते. माझ्याकडे आकड्याचा नंबर शेवटचा. तो मोठा की छोटा, हे ब्रँड तुमचा व्हिडिओ कुठे आणि किती दिवस वापरणार यावर ठरतं, आणि ते मेलमध्ये कधीच लिहिलेलं नसतं.

पण आधी मेल खरा आहे का ते बघू. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात @ च्या पुढे काय आहे ते ब्रँडच्या वेबसाइटशी अक्षर न् अक्षर ताडा. ‘ब्रीफ’ (कामाची माहिती) म्हणून झिप फाइल आली असेल तर उघडू नका. खोट्या कोलॅबच्या मेलमधून मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) पाठवून, ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या फाइली, चोरून यूट्यूब चॅनेल पळवले जातात, असं गूगलच्याच सुरक्षा पथकाने 2021 मध्ये सांगितलं होतं. कुकी गेली की ओटीपी असूनही उपयोग नसतो. बाहेरच्या देशातल्या बेटिंग ॲपचा मेल असेल तर उत्तरसुद्धा देऊ नका. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या खेळांच्या जाहिरातीला 2 वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. फॉरेक्स ट्रेडिंगचं ॲप असेल तर रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट, म्हणजे परवानगी नसलेल्या फॉरेक्सवाल्यांची यादी, उघडून नाव शोधा.

मेल खरा निघाला की इनसाइट्समधला (ॲपमधली प्रेक्षकांची आकडेवारी) देशांचा स्क्रीनशॉट पाठवा. तुमचे तीन लाख फॉलोअर असतील, पण न्यू जर्सीत मसाले विकणाऱ्याला त्यातले अमेरिकेत किती, एवढंच हवं असतं. इथे मराठी चॅनेलवाले उगाच कमीपणा घेतात. बे एरियातल्या, दुबईतल्या मराठी घरांत तुमचं चॅनेल बघितलं जात असेल, तर त्या ब्रँडला मुंबईतल्या मोठ्या हिंदी चॅनेलपेक्षा तुम्ही जास्त कामाचे. आणखी एक बारीक गोष्ट. बाहेरच्या ब्रँडच्या कामाच्या यादीत हमखास टिकटॉक असतं. ते भारतात जून 2020 पासून बंद आहे. ती ओळ करारात तशीच राहिली तर काम अपुरं ठरू शकतं, तेव्हा आधीच खोडून घ्या.

आता करार. त्यात ‘वर्ल्डवाइड, परपेच्युअल, रॉयल्टी-फ्री’ हे तीन शब्द एका ओळीत दिसतात का बघा. म्हणजे जगभर, कायमचं आणि पुन्हा एक पैसाही न देता. आपण पुण्यात वन बीएचके भाड्याने देताना 11 महिन्यांच्या वर करार करायला कचरतो, आणि इथे स्वतःचा चेहरा कायमचा देऊन टाकतो!

भांड्यांच्या एका परदेशी कंपनीने आमच्या एका ताईंना पुरणपोळीच्या एका रीलसाठी विचारलं. रक्कम बरी होती आणि वरची ओळही होती. आम्ही ती खोडून लिहिलं: फक्त इन्स्टाग्राम आणि फेसबुक, फक्त अमेरिका, पोस्ट झाल्यापासून 90 दिवस. त्यापुढे वापरायचं असेल तर दर महिन्याचे वेगळे पैसे. न कापलेलं फुटेज मिळणार नाही. आवाजाची किंवा चेहऱ्याची एआय नक्कल करायची नाही, त्यावर मॉडेल शिकवायचं नाही. दोन दिवस सामसूम. मग ‘आमच्या लीगलला सहा महिने हवे आहेत’ असं आलं. वाढीव तीन महिन्यांचे पैसे लावून दिले. कोणी रागावत नाही हो, पलीकडच्या माणसाचं रोजचं कामच ते आहे.

त्याच करारात ‘एक्सक्लुझिव्हिटी’ शोधा, म्हणजे ठरावीक दिवस दुसऱ्या ब्रँडचं तसलं काम न करण्याची अट. ‘नॉनस्टिक कढया’ असं असेल तर ठीक, ‘किचन’ असं असेल तर तेवढे दिवस मिक्सर, मसाले, तेल सगळंच बंद. आणि तुमच्याच नावाने ब्रँड पैसे भरून जाहिरात चालवणार असेल, म्हणजे पार्टनरशिप ॲड, तर त्याची शेवटची तारीख लिहून घ्या आणि त्या दिवशी ॲपमध्ये जाऊन परवानगी स्वतः काढा.

‘ही जाहिरात आहे’ हे सांगणाऱ्या लेबलचा नियम फक्त तुम्ही बसलाय त्या देशाचा नसतो, बघणारा जिथे बसलाय तिथलाही लागतो. अमेरिकेतली ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था एफटीसी स्पष्ट सांगते की बाहेरून टाकलेली पोस्ट अमेरिकन ग्राहकांपर्यंत पोचेल हे उघड दिसत असेल तर त्यांचा कायदा लागू. ‘कोलॅब’ किंवा ‘एसपी’ (स्पॉन्सर्डचं लघुरूप) असं मोघम लिहिलेलं त्यांना चालत नाही. व्हिडिओ असेल तर खुलासा व्हिडिओतच हवा, नुसता खाली वर्णनात नको. फ्रान्सने जून 2023 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी वेगळा कायदाच केला, त्यात चेहरा किंवा अंगकाठी बदलून दाखवलेल्या फोटोवर तसं लिहायची अट घातली. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाच्या 2023 च्या सूचनांनुसार खुलासा मजकुराच्याच भाषेत हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून रील मराठी असेल तर सुरुवातीलाच ‘ही जाहिरात आहे’ असं मराठीत बोला आणि स्क्रीनवर ‘ॲड’ ठेवा. दोन्हीकडचं भागतं. मागे ट्रेंडिंग हिंदी गाणं मात्र लावू नका, जाहिरातीसाठी त्याचा परवाना वेगळा लागतो.

पैशाचं थोडक्यात. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. पाचशे डॉलरसाठी कॅलिफोर्नियाच्या कोर्टात कोण जाणार आहे? बँकेचे मधले चार्जेस पाठवणाऱ्याचे, हे बिलावरच लिहा. बँक पर्पज कोड (पैसे कशाचे आले त्याचा संकेतांक) विचारेल, जाहिरातीच्या कामाला पी1007 चालतो. पैसे आल्याचा बँकेचा दाखला मागून जपून ठेवा. जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरा. निर्यातीच्या अटी पूर्ण होत असतील तर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या व्यवहारावरचा जीएसटी) न लावता बिल करता येतं. अमेरिकन कंपनी डब्ल्यू-8बीईएन फॉर्म मागेल. घाबरायचं कारण नाही, तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही एवढंच त्यात सांगायचं असतं. आणि वस्तू तिकडून येणार असेल तर कस्टम ड्यूटी ब्रँडनेच भरायची, हे आधी ठरवा, नाहीतर कुरियरवाला दारात पैसे मागतो आणि ‘फुकटची’ कढई महागात पडते.

तिथे बोलावून शूट असेल तर टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन काम चालतं का, हे त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघा. ब्रँडच्या ‘नो प्रॉब्लेम’वर विसंबू नका. अमिरातीने 2025 मध्ये जाहिरातीसाठी परवाना जाहीर केलाय. पाहुण्या क्रिएटरला तो तिथल्या परवानाधारक एजन्सीमार्फतच घ्यावा लागतो.

आणि राजकारण. जानेवारी 2024 मध्ये मालदीववर आणि मे 2025 मध्ये तुर्की-अझरबैजानवर बहिष्काराची लाट आली. अशा आठवड्यात त्या देशातल्या रिसॉर्टचं रील टाकलं तर कमेंट सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतील. तेव्हा पोस्ट 60 दिवसांपर्यंत पुढे ढकलायचा हक्क करारात मागा, आणि ढकलली तरी आगाऊ रक्कम परत करावी लागणार नाही, हे त्याच कलमात लिहून घ्या.